आतल्यांचं घराणं

आमच्या घराण्यात माणसं दोनच होती, आणि दोघीही सातवीत शिकत होतो. एक मी, शकू, गावच्या पाटलाची मुलगी. दुसरी सुजाता, ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतली. घराणं निंजांचं होतं. तलवारी फिरवणं, भिंतीवरून उड्या मारणं ही बाकीच्या निंजांची कामं. आमचं घराणं फक्त मनानं लढायचं. दुसऱ्याच्या मनात शिरायचं, तिथं काय शिजतंय ते बघायचं, जमलं तर त्याचा उगारलेला हात जागच्या जागी थोपवायचा, आणि त्याला पत्ता लागू न देता बाहेर यायचं. म्हणून नाव आतल्यांचं घराणं. आज साठीकडं झुकलेली, मुलांच्या वह्या तपासून डोळ्यांची वाट लागलेली एक मास्तरीण म्हणून हे लिहिताना मला हसू येतंय, पण ते पहिल्या दोन पानांपुरतंच. पुढचं लिहायची मी आजवर टाळाटाळच केली.

निंजा आमच्या गावात आले ते आत्याच्या लग्नात. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, परभणीहून जीपमध्ये घालून टीव्ही आणि व्हिडिओ आणला होता. दुपारच्या पंगती उठल्यावर ओसरीत सतरंज्या टांगून अंधार केला आणि पिक्चर लावला. काळ्या कपड्यातली माणसं, तोंडावर फडकं, नुसते डोळे उघडे. बोलत होती ती कुठल्या देशाची भाषा होती कोण जाणे. पाहुण्यांतल्या एकालाही एक अक्षर कळलं नाही, तरी सगळे मान डोलवत होते. वस्तीतली पोरं आमच्या अंगणात येत नसत, येऊ दिली जात नसत असं लिहायला हवं. ती कुंपणाबाहेर कडब्याच्या गंजीवर चढून, दोन सतरंज्यांच्या मधल्या फटीतून बघत होती. तिथून चित्र दिसायचं, आवाज पोचायचा नाही. शेवटाच्या आधीच वीज गेली आणि पिक्चर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत सुजातानं मला गाठलं. "शकू, ते काळे कपडेवाले तोंड न उघडता एकमेकाला कसं काय सांगायलेत गं? एक नुसतं बगायलाय अन् दुसऱ्याला समदं कळायलंय." मी म्हणाले, अगं बोलतात की ते. ती म्हणाली, "मग तोंड बांधून कशाला घेतलं?" मला आवाज ऐकू आला होता, पण कळलं तिच्याइतकंच होतं. तिचं म्हणणं जास्त गोड वाटलं. तर असा आमच्या घराण्याचा उगम. ती कुंपणाबाहेर बसली नसती तर हे घराणं जन्मालाच आलं नसतं, हे माझ्या ध्यानात यायला मात्र डोक्यावरचे केस पांढरे व्हावे लागले.

सुजाताचा मोठा भाऊ भास्कर परभणीला कॉलेजात होता. त्याच्या अर्ध्या कोऱ्या रजिस्टरमध्ये तिनं घराण्याची वही सुरू केली. अक्षर तिचं, हुकूम माझे. शक्ती चार ठरवल्या: शिरणं, धाडणं, थोपवणं आणि विसरवणं. नियम एकच, पण कडक: घराण्याचं काम तोंडानं करायचं नाही. जे सांगायचं ते मनानं धाडायचं. तोंड उघडलं की शक्ती गेली. हा नियम माझा. मला तो फार आवडायचा. आमच्या घरात बायका बोलतच नसत, त्यामुळं मला तो सोपाही वाटत असावा.

सराव नेमानं चालायचा. पालमची तीनची गाडी वळणावर हॉर्न द्यायची, तो सगळ्या गावाला ऐकू यायचा. सुट्टीच्या दिवशी त्या हॉर्नला मी आमच्या माळवदावर, घराच्या सपाट धाब्यावर, डोळे मिटून बसायचे आणि एखादी गोष्ट धाडायचे. गूळ, धपाटं, अंबाडीची भाजी, बहुतेक खाण्याच्याच गोष्टी. ती ओढ्यापलीकडं तिच्या दारात बसून घ्यायची. दुसऱ्या दिवशी शाळेत ताळा करायचा. ती म्हणायची, "आदी तू सांग, काय धाडलंस?" मी म्हणायचे, धपाटं. ती टाळी वाजवायची. "तेच आलं मला! वासासकट आलं!" एकदाही चुकलं नाही. एकदा तिनं धाडलं आणि मी घ्यायला बसले, तर मला काहीच आलं नाही. त्यावर मी तिलाच झापलं की तुला धाडता येत नाही, जोर कमी पडतो. तिनं ते मुकाट्यानं मान्य केलं आणि वहीत लिहून ठेवलं: धाडणार शकू, घेणार सुजाता. परवा माझ्या नातीनं मोबाइलवर असंच काहीतरी दाखवलं, मनात शिरणारं निंजांचं कुळ. मी तिला विचारलं, कोण सांगतं आधी, धाडणारा की घेणारा? ती म्हणाली, आजी, तू पिक्चर बघ ना.

घरात आमची माय, दादा, धाकटे काका आणि मी. मायची सकाळ ताक घुसळण्यात जायची. तो घुमणारा आवाज, मग चुलीपाशी भाकरी थापण्याचा, आणि मध्ये काही बोलणं नाही. ताक घरात उरायचं आणि गावात वाटलं जायचं. सुजाता दिवसाआड तांब्या घेऊन मागच्या दारी यायची, तांब्या खाली ठेवायची, दोन पावलं मागं सरायची, आणि माय वरून धार सोडायची. पाऊण तांब्या झाला की धार तुटायची. कधी पाऊण तांब्याच्या वर नाही. ब्राह्मणाघरच्या किंवा वाण्याच्या पोराला काठोकाठ मिळायचं. मला हे दिसत होतं, पण दिसणं म्हणजे कळणं नव्हे. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या आम्ही दोघी मागच्या दारी एकमेकींना ओळखही दाखवत नसू. तोही मी घराण्याचा नियमच करून टाकला होता.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठ औरंगाबादला, आणि आमच्या गावातून तिथं शिकायला गेलेला माणूस शोधून सापडला नसता. तरी त्याच्या नावावरून इथं पारावरची बैठक मोडली. वस्तीतल्या माणसांना शेतावर बोलावणं बंद झालं. पिठाच्या गिरणीत त्यांचं दळण मागं राहायला लागलं. भास्कर सुट्टीला आला आणि त्यानं वस्तीच्या तोंडाशी नामांतराची पाटी लावली. ती दुसऱ्या दिवशी ओढ्यात सापडली, तिसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा लावली. काका जेवताना त्याचं नाव काढायचे आणि घास तसाच हातात धरून बसायचे. दादा काही बोलायचे नाहीत. दादांचं न बोलणं मला काकांच्या बोलण्यापेक्षा भीतीदायक वाटायचं, कारण काकांचं बोलून संपायचं.

परभणीला मोठा मोर्चा ठरला. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ओसरीत काका आणि आणखी दोघं दादांपाशी येऊन बसले. मायनं मला चहा द्यायला पाठवलं. मी गेले की बोलणं थांबायचं, मागं फिरले की सुरू व्हायचं. मी आतली होते ना. माजघरात ज्वारीच्या कणगीमागं जाऊन उभी राहिले. मनात शिरायची गरज पडली नाही, सगळं कानांनीच ऐकू आलं.

"उद्या समदे गडी परभणीला जायलेत," काका सांगत होते. "दुपारच्याला वस्तीत म्हातारी माणसं अन् बायका. भास्करच्या घरापासून सुरू करायचं. कडबा वाळलेला हाय, येळ लागत न्हाई."

दादा खाटेवर सावरून बसले. मला वाटलं, आता ते ओरडतील. मी अक्षरशः कणगीला डोकं टेकून 'थोपवणं' सुरू केलं, दादांच्या मनाला धक्के मारत राहिले. दादा म्हणाले, "माणसाला हात लावू नगा." एवढंच. मग चहाचे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

वळले तर माय उभी. तिनंही ऐकलं होतं. तिनं माझा दंड धरून मला चुलीपाशी आणलं, आणि मी तिचा आवाज एवढा बारीक कधी ऐकला नव्हता. "तोंडातून शब्द काढू नगंस. तुझ्या बापाला बेड्या पडतील. काढशील का?" मी नाही म्हणून मान हलवली. हे लिहायला लाज वाटते, पण मला आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. तोंडातून काढायचं नाही, हे तर आमच्या नियमातच बसत होतं. मी माळवदावर पळाले. तीनच्या गाडीचा हॉर्न झाला आणि मी डोळे मिटले, दात आवळले, आणि आयुष्यात कधी धाडलं नसेल इतक्या जोरानं धाडलं: उद्या दुपारी तुमची घरं जाळणार हायती. पुन्हा पुन्हा धाडलं. कपाळाची शीर उडायला लागली. ओढा ओलांडून तिच्या दारात जायला मला फार तर दहा मिनिटं लागली असती.

आणि दहा मिनिटांचीही गरज नव्हती. दिवस मावळायच्या आधी सुजाताच आली, तांब्या घेऊन. ताकाचाच दिवस होता. तिनं तांब्या खाली ठेवला, दोन पावलं मागं सरली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, तिच्यापासून चार हातांवर. माय मडकं घेऊन आली. मी सुजाताच्या डोळ्यांत बघून धाडत राहिले, धाडत राहिले. मागच्या दारी ओळख न दाखवण्याचा नियम मोडून ती हळूच म्हणाली, "काय गं? बरं न्हाई का?"

"काही न्हाई," मी म्हणाले.

माय धार सोडत होती. तिनं वर बघितलं नाही. सुजातानं तांब्या उचलला, एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा मायकडं, मग माझ्याकडं, आणि पदर नसलेल्या झग्याची कड सावरत निघून गेली. नेहमी पळत जायची, त्या दिवशी पावलं मोजत गेली. मला वाटलं, पोचलं.

दुसरा दिवस मला आवाजांनी आठवतो. सकाळी मोर्चाला जाणाऱ्यांच्या घोषणा, ट्रक सुरू झाल्याचा आवाज, मग काहीच नाही. कुत्रीसुद्धा गप्प. दुपारी माय अवेळी भाकरी करायला बसली, कुणाला भूक नसताना. थाप, थाप, थाप, टोपलं भरलं तरी थांबेना. दादा ओसरीत खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. काका घरात नव्हते. मग ओढ्याच्या बाजूला धूर दिसला, आधी पांढरा, मग काळा, आणि बांबू फुटल्याचे आवाज यायला लागले. दादांनी रेडिओ लावला. त्यावर कुणीतरी बियाण्याला औषध कसं चोळावं ते सांगत होतं. ते सगळं मी ऐकलं, अजून पाठ आहे.

काका आले आणि न्हाणीत बराच वेळ हातपाय धूत बसले. मग पानावर बसले. मी वाढत होते, येसराची आमटी आणि त्या ढीगभर भाकऱ्यांतली एक. काका आमटी कुस्करता कुस्करता थांबले. "वस्तीत चिटपाखरू न्हवतं," ते दादांना म्हणाले. "सकाळीच समदी म्हातारीकोतारी, लेकरं घेऊन करडीच्या रानात जाऊन बसलेली. आपल्यातल्याच कुणीतरी खबर दिली." त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "तू गेली हुतीस का गं तिकडं?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. माय भाकरीच्या टोपल्यावर फडकं घालत होती, तिचा हात थांबला होता. काका माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्या खाली जे उसळत होतं ते मी आज कबूल करते: आनंद. पोचलं होतं! मी धाडलं आणि पोचलं. सगळी वस्ती मी वाचवली, तोंड न उघडता, दादांना बेड्या न पडता. आतल्यांच्या घराण्यानं एवढं मोठं काम केलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

घरं मात्र गेली, ओळीनं सगळी. सुजाता धूर बघून रानातून परत धावली होती. भास्करच्या मार्कमेमोंची पेटी बाहेर काढताना तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पोलीस आले, पंचनामा झाला, गावात कुणी काही बघितलं नव्हतं. दादांनीही नाही, मायनंही नाही. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला माहीत आहे. सुजाता शाळेत येईनाशी झाली. मी बाकावर एकटी बसायचे आणि वाट बघायचे की ती येईल आणि म्हणेल, शकू, तू होतीस म्हणून. वेडी पोर, दुसरं काय म्हणू.

मग कळलं की ते लोक परभणीला चाललेत, भास्करनं खोली बघितली आहे. मी शाळा अर्ध्यात सोडून थेट गाडीच्या थांब्यावर गेले. पेटीवर तिची माय बसली होती, शेजारी सुजाता, हाताला पट्टी, हात गळ्यात अडकवलेला. थांब्यासमोरच्या हॉटेलात काका दोघातिघांबरोबर बाकड्यावर बसलेले मला दिसले. मी त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिले आणि खालच्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी मी धाडलं होतं. पोचलं ना तुला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, दमलेलं माणूस बघतं तसं. "आदी तू सांग," ती म्हणाली. "काय धाडलंस?"

माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मागं काका हसत होते, कशाला तरी. नेहमी तिच्या या प्रश्नाला मी गूळ म्हणायचे, धपाटं म्हणायचे. हे म्हणता येईना.

"मला तुझं कदीच काही आलं न्हाई, शकू," ती म्हणाली. "एकदाबी न्हाई. तू सांगायचीस, मी हाव म्हणायचे. तुला खोटं पडल्याचं सोसत न्हवतं."

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी तुझ्या मायनं तांब्या काठोकाठ भरला. इतक्या वर्सांत पैल्यांदा. तुज्या मायला वर बगवेना अन् तुला बोलवेना." ती पट्टीच्या सुटलेल्या टोकाशी चाळा करत होती. "घरी नेऊन मायला दावला. माय म्हणली, पाटलीण काठोकाठ द्यायली, म्हंजे काहीतरी न्यायचं ठरलंय. तवाच रातच्या भाकरी बांदल्या. दुसऱ्याच्या मनातलं वळखणं आमच्यात समद्यांनाच येतं गं. त्याच्याबिगर आमचं भागत न्हाई."

वळणावर हॉर्न वाजला. तीनचीच गाडी, तीच परभणीला पुढं जायची. तिच्या मायनं पेटी उचलली, कंडक्टरनं वर घेतली, सुजाता एका हातानं दांडा धरून चढली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग, स्वतःचा. चार हातांवरून मला जे तोंडानं सांगता आलं नाही ते तिच्या घरी एका तांब्यानं सांगितलं होतं, आणि तोही माझ्या मायनं भरलेला. माय निदान तेवढं तरी करू शकली. मी तर सगळा वेळ डोळे वटारत उभी होते.

गाडी हलली. ती खिडकीत होती. मी गाडीबरोबर पळायला लागले, आणि पळता पळता ओरडले, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं: "उद्या दुपारी तुमची घरं जाळणार हायती! आमच्या ओसरीत ठरलंय! काकानं ठरवलंय, दादानं ऐकलंय!" उद्याच म्हणाले मी. ते वाक्य माझ्यात तसंच, त्या दिवशीचंच अडकून बसलं होतं.

सुजातानं खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं. धुरळ्यातून तिचा आवाज आला, मोठा नव्हता, पण आला.

"आता आलं मला," ती म्हणाली.

गाडी वळणावरून गेली. हॉटेलातलं बोलणं थांबलं होतं. काका बाकड्यावरून उठले होते, कप हातात तसाच. मी डोळे पुसले आणि त्यांच्याकडं चालायला लागले, कारण घरी जायचा रस्ता तोच होता.